मन पालटते, मग काय पालटते?

परतूरच्या परिसरात अनुताप ही बाहेरून आलेली गोष्ट नाही. शेजारच्या घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. स्वतःला देवापुढे दोषी ठरवून कळवळणाऱ्या माणसाचा आवाज करुणाष्टकांत सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकू येतो. तुकोबांच्या अभंगांतून तर स्वतःचे दोष मोजण्याची सवय मराठी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या लागली आहे. म्हणून मराठवाड्यातल्या एखाद्या मंडळीत पाळक जेव्हा पश्चात्तापाचे आवाहन करतो, तेव्हा ऐकणाऱ्याला त्यात फारसे नवे वाटत नाही. नवा असतो तो त्यापुढचा दावा. आजपासून तू दुसरा माणूस झालास, तुझा नवा जन्म झाला, असे तो दावा म्हणतो.

हा दावा तपासायचा कशावर? रडण्यावर, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर, सुटलेल्या दारूवर, की आणखी कशावर? ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नावर दोन हजार वर्षे वाद चालू आहे. महाराष्ट्रात तो एकोणिसाव्या शतकात आला आणि इथे त्याला जातीचा पीळ पडला. त्या पिळामुळे प्रश्न अवघड झाला, पण त्याचे खरे रूपही इथेच उघडे पडले.

शास्त्रातले दोन धागे

लूकच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना पश्चात्ताप करायला सांगतो आणि लोक त्याला सरळ विचारतात, म्हणजे आम्ही करायचे काय? त्याची उत्तरे अगदी रोखठोक आहेत. दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा. जकातदारांनी ठरल्याहून जास्त वसूल करू नये. शिपायांनी कोणाला धाकदपटशा दाखवू नये, मिळेल त्या पगारात भागवावे. हा योहान आज परतूरच्या मोंढ्यात उभा राहिला, तर व्यापाऱ्याला मापात पाप करू नकोस म्हणेल आणि मुकादमाला ऊसतोड कामगाराच्या उचलीचा हिशोब चोख ठेवायला सांगेल. प्रत्येकाच्या धंद्यात शिरून तो पश्चात्तापाचा अर्थ सांगतो.

त्याच शुभवर्तमानात पुढे जक्कय भेटतो. यरीहोचा हा मुख्य जकातदार अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करतो. पण इथे घटनांचा क्रम लक्षात घ्यावा लागतो. येशू आधी त्याच्या घरी उतरतो, हिशोब नंतर होतो. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही बाप धावत जाऊन मुलाला मिठी मारतो तेव्हा मुलाचे कबुलीचे भाषण अजून सुरूसुद्धा झालेले नसते. आधी स्वीकार, मग फेड, असे हे दोन धागे एकत्र विणलेले आहेत.

त्यातला एक तुटला तर काय होते, तेही बायबलमध्ये आहे. दावीद राजा उरीयाची बायको घेतो, उरीयाला युद्धात मारवतो आणि नाथान संदेष्ट्याने सुनावल्यावर कोसळतो. एक्कावन्नावे स्तोत्र परंपरेने त्या घटनेशी जोडले जाते. ते ख्रिस्ती जगातले सर्वांत प्रसिद्ध पश्चात्तापगीत. पण दावीदाने कितीही अश्रू ढाळले तरी उरीया परत येत नाही. दुसऱ्या टोकाला यहूदा इस्कर्योत आहे. येशूला धरून देण्याची चूक त्याने कबूल केली, मोबदल्याची तीस नाणी याजकांपुढे परत टाकली आणि जाऊन गळफास घेतला. फेड त्याने केली होती, पण आपल्याला कोणी परत घेईल हा भरवसा त्याला उरला नव्हता. येशूच्या अटकेच्या रात्री त्याला तीनदा नाकारणारा पेत्र मात्र रडून मंडळीत परत आला आणि तिचा आधार झाला. माणूस बदलायला त्याने काहीतरी परत करावे लागते आणि कोणीतरी त्याला परत घ्यावेही लागते, हे या सगळ्या कथांतून निघते.

चर्चने दिलेली उत्तरे

पहिल्या काही शतकांत खून, व्यभिचार, धर्मत्याग अशा मोठ्या पापांसाठी जाहीर प्रायश्चित्त असे आणि ते मंडळीच्या डोळ्यांदेखत चाले. पुढे आयरिश मठांच्या प्रभावाने खासगी पापनिवेदनाची पद्धत युरोपभर पसरली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक कॅथलिकाने वर्षातून एकदा तरी धर्मगुरूजवळ पापे कबूल करावीत असा नियम केला. मनापासून खंत, तोंडाने कबुली आणि कृतीने भरपाई अशी या संस्काराची तीन अंगे ठरली. भरपाईचे अंग पुढे सोपे होत गेले. दंडमाफीच्या पत्रांचा बाजार भरला, तेव्हा १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने पंच्याण्णव विधाने मांडली. त्यांतल्या पहिल्याच विधानाचा आशय असा की श्रद्धावंताचे सबंध आयुष्य हाच पश्चात्ताप आहे. एकदा पार पाडून मोकळे होण्याचा विधी म्हणून त्याकडे पाहता येणार नाही.

या विधानातूनच पुढे एक चमत्कारिक उलटापालट झाली. आयुष्यभराचा पश्चात्ताप सांगणाऱ्या प्रॉटेस्टंट परंपरेत एका क्षणाचे महत्त्व वाढत गेले. लंडनमध्ये २४ मे १७३८ च्या संध्याकाळी जॉन वेस्लीला आलेला तारणाच्या खात्रीचा अनुभव त्याचा नमुना ठरला. वेस्ली स्वतः त्यानंतरच्या पवित्रतेच्या वाटचालीवर, छोट्या गटांत एकमेकांना जाब देण्यावर भर देत असे. पण नंतरच्या सभांतून तारीख सांगता येईल अशा तारणाचीच साक्ष जास्त ऐकू येऊ लागली. १९३७ मध्ये जर्मन धर्मपंडित डिट्रिख बोनहोफर याने स्वस्त कृपेवर टीका केली. पश्चात्तापाशिवाय क्षमा आणि शिस्तीशिवाय बाप्तिस्मा वाटणाऱ्या चर्चवर त्याचा रोख होता. नाझी राजवटीपुढे बहुतेक चर्च वाकत असताना तो हे लिहीत होता.

कॅथलिक चर्चनेही आपला संस्कार नव्याने तपासला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९७३ मध्ये आलेल्या विधीत देवाशी आणि मंडळीशी होणाऱ्या समेटावर भर आहे. पाप हे देव आणि माणूस या दोघांमधले खासगी प्रकरण नाही, त्याने समुदायाचेही नुकसान होते, हे त्यातून पुन्हा मान्य झाले.

मुंबईचा खटला आणि जालन्याचे बेथेल

मराठी मुलखात हा प्रश्न जाहीरपणे पेटला तो १८४३ मध्ये. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने त्या वर्षी मुंबईत स्कॉटिश मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या घरी राहत होता. वडिलांनी कोर्टात धाव घेतली आणि मुलगा अल्पवयीन म्हणून त्यांच्या ताब्यात दिला गेला. खरा पेच त्यानंतर उभा राहिला. मिशनऱ्यांबरोबर राहिलेला, जेवलेला हा मुलगा जातीत परत घेता येईल का? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला घ्यावे म्हणून पुढाकार घेतला आणि त्यासाठी कर्मठांचा मोठा रोष ओढवून घेतला. मुलाने केलेल्या अपराधापेक्षा त्याला परत घेण्याची समाजाची तयारीच या वादात कसाला लागली.

थोरल्या भावाची वाट वेगळी होती. १८५४ मध्ये पाळकपदाची दीक्षा घेतलेले नारायण शेषाद्री १८६० च्या दशकात निजामाच्या राज्यात जालन्याला आले. तिथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि मिशनच्या कामाला तिचा आधार मिळे. बाप्तिस्मा घेणाऱ्यांत बहुतेक मातंग आणि महार समाजातली माणसे होती. गावाच्या कामातून, बलुत्यातून, पाण्यावरून त्यांची अडवणूक होई. शेषाद्रींनी दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले. चर्चबरोबर शाळा, शेती आणि कारागिरी हे त्या गावाचे आधार झाले.

शेषाद्रींच्या पालटाबद्दल बोलताना त्यांच्या बाप्तिस्म्याची तारीख सांगितली जाते. मला बेथेल हा त्याहून मोठा पुरावा वाटतो. ज्यांची सावली टाळायला लहानपणी शिकवले गेले, त्यांच्यासाठी आणि त्यांच्यामध्ये या माणसाने उरलेले आयुष्य घातले. १८९१ मध्ये परदेशातून परतताना जहाजावर त्यांचे निधन झाले. योहानाने जकातदाराला त्याच्या नाक्यावरचा पश्चात्ताप सांगितला होता. ब्राह्मण घरातल्या माणसाचा नाका म्हणजे जात, आणि शेषाद्रींनी तो सोडला होता.

पण बेथेलची दुसरी बाजूही पाहावी लागते. वेगळे गाव वसवणे म्हणजे स्वीकाराची सोय चर्चने स्वतः करणे. मूळ गाव जसे होते तसेच राहिले.

एका आयुष्यातले दोन पालट

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे मुलगी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला. पण आपल्या आत्मकथनात त्या सांगतात की तेव्हा त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. ख्रिस्ताची ओळख पटायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली. १८९१ च्या सुमारास त्यांना जो अनुभव आला, तो त्या आपल्या आयुष्यातला खरा पालट मानत. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेली, बिशपांशी आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी सिद्धान्तांवरून पत्रांतून वाद घालणारी ही बाई बुद्धीने मान्य केलेल्या धर्माला आणि आतून बदलण्याला एक समजत नव्हती.

हा बदल बाहेर कुठे दिसला? १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलेले शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. तिथे मुलींना सोवळेओवळे पाळण्याची मोकळीक होती, स्वयंपाकही जातीच्या रीतीने होई. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातून उभे राहिले आणि तिथे सगळ्या जातींच्या मुली एका छपराखाली आल्या. रमाबाईंच्या कामाची व्याप्ती आणि त्यांच्या मनाची व्याप्ती एकाच काळात वाढलेली दिसते.

मुक्ती मिशनने पश्चात्तापाचे आणखी एक रूप पाहिले. वेल्समधल्या १९०४ च्या आध्यात्मिक जागृतीची बातमी आल्यावर रमाबाईंनी मुलींचे प्रार्थनागट सुरू केले. १९०५ च्या जूनअखेरीस केडगावात उसळलेल्या लाटेत मुली धाय मोकलून रडल्या, पापे मोठ्याने कबूल करू लागल्या, तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या. जगभरच्या पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावचे नाव येते ते या घटनेमुळे. आपल्याकडच्या अनेक मंडळ्यांतली आजची उपासप्रार्थना, रात्रीच्या सभा, अश्रू आणि साक्ष यांचे मराठी मूळ शोधायचे तर तिथे पोहोचावे लागते. भावनेच्या या उद्रेकावर तेव्हाही टीका झाली. रमाबाईंनी त्याला आवर घालण्यापेक्षा कामाची वाट करून दिली: मुलींचे गट प्रचारासाठी आसपासच्या गावांत जाऊ लागले आणि मिशनमधले शिक्षण, शेती, छपाई चालूच राहिली.

टिळक पतिपत्नी: वेगाने आणि सावकाश

नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार आला तो राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात, एका युरोपीय सहप्रवाशाकडून. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. म्हणजे त्यांच्या लेखी आधीचा अनुताप वाया गेला नव्हता, त्याला पुढचा मुक्काम मिळाला होता. त्यांचा पालट तिथे थांबलाही नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि देवाचा दरबार सुरू केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. बाप्तिस्म्याने सुरू झालेली वाट अशी बाप्तिस्म्याच्या सीमेपलीकडे गेली.

लक्ष्मीबाईंची गोष्ट मात्र अनेक प्रवचनांपेक्षा जास्त शिकवते. नवऱ्याच्या धर्मांतराने त्यांचा संसार मोडला, काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही सोवळे, वेगळा स्वयंपाक, वेगळे पाणी चालूच होते. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांचा बदल एखाद्या प्रकाशझोतासारखा येत नाही. जाती देवाने केल्या की माणसाने, या प्रश्नाशी त्या घरातल्या घरात झगडतात आणि मग एकेक आडकाठी गळून पडते. कोणाच्याही हातचे खायला त्या तयार झाल्या तेव्हा बाप्तिस्मा अजून व्हायचा होता. तो १९०० मध्ये झाला. मन आधी पालटले, हात त्यामागून गेले आणि विधी सर्वांत शेवटी आला. तारखेचे महत्त्व मानणाऱ्यांना हा क्रम अडचणीचा वाटेल. पण शुभवर्तमानातला शिमोन पेत्र तरी एका दिवसात कुठे बदलला होता?

पश्चात्ताप कोणी करायचा?

वर आलेली बहुतेक नावे ब्राह्मण घरांतली आहेत, कारण लिहून ठेवण्याची साधने त्यांच्याकडे होती. मराठवाड्यातल्या मंडळ्यांचा मोठा भाग मात्र दलित कुटुंबांचा आहे. या लोकांना मिशनऱ्यांनी सांगितले, तुम्ही पापी आहात, पश्चात्ताप करा. वेठबिगार ज्याने केली त्याने पश्चात्ताप केला. वेठीला ज्याने धरले तो जागचा हलला नाही.

या मुद्द्यावर सर्वांत धारदार टीका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आहे. ‘द कंडिशन ऑफ द कन्व्हर्ट’ या लेखात त्यांनी विचारले की ख्रिस्ती झालेला अस्पृश्य सामाजिक अन्यायाविरुद्ध उठत का नाही. त्यांच्या मते याचे एक कारण शिकवणीतच आहे. माणसाच्या दुर्दशेचे मूळ त्याच्या पापात आहे असे एकदा मनावर ठसले, की परिस्थिती आणि व्यवस्था यांच्याकडे बोट दाखवण्याची गरज त्याला वाटेनाशी होते. १९५६ मध्ये नागपुरात त्यांनी धर्मांतर केले तेव्हा बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत पापाच्या कबुलीऐवजी जुन्या बंधनांचा नकार आणि पुढच्या आचरणाचा निश्चय होता. वैयक्तिक पालटाची ही वेगळी कल्पना होती आणि ख्रिस्ती चिंतनाला तिच्याकडून शिकण्यासारखे बरेच आहे.

आंबेडकरांच्या टीकेला ख्रिस्ती बाजूने एक खरे उत्तर देता येते. योहानाची शिकवण वाचली तर पश्चात्ताप सर्वांत आधी जकातदार आणि शिपाई यांच्याकडून, म्हणजे सत्ता हाताळणाऱ्यांकडून मागितला आहे. मिशनने तो क्रम उलटा केला असेल तर दोष क्रमाचा आहे. पण हे उत्तर देण्याचा अधिकार चर्चला तेव्हाच मिळतो, जेव्हा ते आपल्या आतल्या जातीकडे बघते. देशाच्या अनेक भागांत दलित ख्रिस्त्यांसाठी वेगळी बाके, वेगळी दफनभूमी असे. भारतीय कॅथलिक बिशपांनी २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये भेदभाव असल्याचे मान्य केले. कबुली झाली, भरपाई अजून चालू आहे.

इथे राज्यसंस्थाही मध्ये येते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. शिखांना तो १९५६ मध्ये, बौद्धांना १९९० मध्ये मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांचा प्रश्न २०२२ मध्ये नेमलेल्या न्या. के. जी. बालकृष्णन आयोगाकडे सोपवला गेला. कायदा असे गृहीत धरतो की बाप्तिस्म्याने जात पुसली गेली. गावात मात्र घर त्याच वस्तीत असते आणि लोक ओळखतात जुन्याच नावाने. साहजिकच काही कुटुंबे रविवारी एक आणि दाखल्यावर दुसरे असे जगतात. त्यांच्याकडे दुटप्पी म्हणून बोट दाखवणे सोपे आहे. दुष्काळातल्या धर्मांतरितांवरही पोटासाठी बाटल्याचा आरोप झाला होता. भुकेल्याचा हेतू तपासणाऱ्याने पोट भरलेल्यांच्या हेतूलाही तोच गज लावला, तरच ती तपासणी प्रामाणिक म्हणता येईल.

क्षमा आणि फेड

गेल्या काही दशकांत मोठ्या संस्थांनी केलेल्या पश्चात्तापाची उदाहरणे वाढली आहेत. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी चर्चच्या माणसांनी इतिहासात केलेल्या पापांसाठी जाहीर क्षमा मागितली. त्याआधी दक्षिण आफ्रिकेत आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि समेट आयोगाने १९९६ पासून साक्षी ऐकल्या. सत्य सांगितले तर माफी, अशी त्याची रचना होती. पीडितांना नुकसानभरपाई मिळायला मात्र फार उशीर झाला आणि ती अपुरी पडली, ही तक्रार तिथे आजही ऐकू येते. मोठ्या पातळीवरही कबुली सोपी आणि फेड अवघड ठरते.

याउलट मध्य प्रदेशातले एक प्रकरण लहान आहे, पण पूर्ण आहे. इंदूरजवळ आदिवासी आणि शेतमजुरांमध्ये काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमधून जाताना हत्या झाली. सावकारी हितसंबंधांना त्यांच्या बचतगटांचा त्रास होत होता. त्यांची बहीण सिस्टर सेल्मी पॉल २००२ मध्ये तुरुंगात गेली आणि मारेकऱ्याला तिने राखी बांधली. त्याची सुटका २००६ मध्ये झाली आणि त्यासाठी बहिणीच्या कुटुंबानेही अर्ज केला होता. नंतर तो त्या घरचा माणूस झाला, सिस्टरच्या समाधीवर जात राहिला. जक्कयाच्या गोष्टीतला क्रम इथे जसाच्या तसा आहे. आधी कोणीतरी त्याच्या कोठडीपर्यंत गेले, मग तो बदलला.

रोजच्या आयुष्यात हाच क्रम व्यसनमुक्तीत दिसतो. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती जागृतीच्या मुशीतून निघाली. तिच्या बारा पायऱ्यांतली आठवी पायरी, ज्यांचे आपण नुकसान केले त्यांची यादी करणे. नववी, शक्य तिथे प्रत्यक्ष भरपाई करणे. गावच्या मंडळीतली ‘प्रभूने माझी दारू सोडवली’ ही साक्ष सगळ्यांना आवडते आणि ती खरीही असते. पण त्या दारूपायी बायकोने विकलेले डोरले, मुलीची सुटलेली शाळा, भावाचे बुडवलेले पैसे यांचा उल्लेख साक्षीत क्वचित येतो. आठवी पायरी मंडळीतही हवी आहे.

आढाव्याचा निष्कर्ष

पश्चात्तापाच्या ख्रिस्ती कल्पनेवर कॅथलिक, प्रॉटेस्टंट, पेंटेकोस्टल असे मतभेद बरेच आहेत. संस्कार हवा की नको, पालट क्षणात होतो की आयुष्यभर, अश्रू खूण आहेत की भुलवण, हे वाद चालू राहतील. मराठी इतिहासातले दाखले शेजारी मांडले तर मात्र एक गोष्ट सगळीकडे सारखी आढळते. ज्यांचा पालट टिकला, त्यांच्या बदलाचा लाभ दुसऱ्या कोणाला तरी मिळाला. शेषाद्रींच्या पालटाने बेथेलच्या लोकांना जमीन मिळाली, रमाबाईंच्या पालटाने दुष्काळातल्या मुलींना घर मिळाले, लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघराचे दार उघडले. जिथे लाभ कोणाच्याच वाट्याला आला नाही, तिथे मोठमोठे जाहीरनामेही कागदावर राहिले.

म्हणून मंडळीत साक्ष ऐकताना तारण कधी झाले, हा प्रश्न पुरेसा नाही. तुझ्या बदलाने कोणाचे काय परत मिळाले, हेही विचारायला हवे. तेवढाच कडक सवाल मंडळीने स्वतःलाही करावा: हिशोब देऊन आलेल्याला आपण पंगतीत घेतले का? १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हा वेगवेगळ्या मिशनांच्या परंपरा एकत्र आल्या. एका कमिटीत बसणे त्यांना जमले. एका घरात सोयरीक जुळवताना जात विचारली जाणार नाही, तेव्हा परतूरच्या मोंढ्यातल्या माणसालाही या पश्चात्तापाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.